आमच्या गल्लीच्या झोपेची वही

"सर, तिसऱ्या तासाला तुम्ही टेबलावर डोकं ठेवता, ते नॅप असतं का डोझ?"

हा प्रश्न माझा नव्हता. तोंड माझं होतं, प्रश्न करिश्माचा आणि शिवांजलीचा होता. आमच्या नववी 'ब'मध्ये खिडकीजवळचा बाक एकच, आणि त्याच्यावर या दोघींचा जूनपासून ताबा. "विचारून दाखव, आठवडाभर खिडकी तुझी," करिश्मा म्हणाली. सहा महिन्यांपूर्वीची मी असते तर पेन शोधायच्या निमित्तानं बाकाखाली शिरले असते. पण दिवाळीनंतर वक्तृत्व स्पर्धेत मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं आणि तेव्हापासून माझी जीभ माझं ऐकत नाही. उत्तेजनार्थाचं हेच अवघड असतं. पहिला नंबर आलेली मुलगी नंतर वर्षभर गप्प बसू शकते, उत्तेजनार्थवालीला रोज काहीतरी करून दाखवावं लागतं.

भागवत सर आम्हाला इंग्रजी शिकवतात. ते येडशीहून रोज मोटारसायकलवर येतात, आणि घरी त्यांना चार महिन्यांची जुळी आहेत. हे सगळं मला प्रश्न विचारल्यावर आठवलं.

"बस," सर म्हणाले. मी बसले.

"नको, उभीच रहा." मी उभी राहिले.

मग त्यांनी खडू उचलला. "डोझ," ते म्हणाले. "नॅप ठरवून घ्यायची असते. माझं काही ठरलेलं नसतं गं."

एवढं बोलून त्यांनी फळ्यावर झोपेचे आणि जागं होण्याचे इंग्रजी शब्द लिहायला सुरुवात केली. डोझ म्हणजे नकळत लागलेली डुलकी. यॉन म्हणजे जांभई. स्नोर म्हणजे घोरणं. टॉस अँड टर्न म्हणजे झोप येत नाही म्हणून नुसतं कूस बदलत पडणं. वाइड अवेक म्हणजे टक्क जागं. "आता ओव्हरस्लीप आणि स्लीप इन, या दोन्हींतला फरक नीट लिहून घ्या. उठायचं होतं आणि उठला नाहीत, ते ओव्हरस्लीप. उठायचंच नाही, सुट्टी आहे, कुणी हाक मारणार नाही, म्हणून मन भरेपर्यंत झोपलात, ते स्लीप इन." हे शेवटचं सांगताना सरांचा आवाज असा झाला की जणू काश्मीरचं वर्णन चाललंय.

मग आला प्रकल्प. प्रत्येकानं घरातल्या पाच माणसांना विचारायचं, झोपता कधी, उठता कधी, तुम्हाला उठवतं कोण. वहीत रकाने आखायचे, त्यात फळ्यावरच्या शब्दांचेही. शेवटच्या रकान्यात त्या माणसाची सही, कारण गेल्या वर्षी एका मुलानं दोन वर्षांपूर्वी वारलेल्या चुलत्याची मुलाखत लिहून आणली होती. आणि पहिल्या पानावर फळ्यावरच्या प्रत्येक शब्दाचं एक खरं घडलेलं वाक्य, इंग्रजीत.

"शिवकन्याला या विषयाची जास्त आवड दिसतीय," सर म्हणाले. "तिनं अख्खी गल्ली करावी."

खिडकी मिळाली, पण त्या खिडकीतून मला काही दिसलं नाही.

आता आमच्या घराबद्दल दोन ओळी. गावाचं नाव लिहू नको असं पप्पांनी सांगितलंय, म्हणून एवढंच सांगते की ईटच्या फाट्यावरून आत आलं की आमचं गाव लागतं. पप्पांचं नाव रामकिसन. ते ग्रामपंचायतीत पाणी सोडायला आहेत, शिवाय शिपाईही तेच. गावाचे चार भाग. एका भागाला चौथ्या दिवशी पाणी येतं. म्हणजे गावाला चार दिवसांतून एकदा पहाटे उठावं लागतं आणि पप्पांना चारी दिवस. साडेतीनला त्यांच्या फोनचा गजर वाजतो, चारला ते व्हॉल्व्ह फिरवतात. व्हॉल्व्हला चौदा आटे आहेत. सुट्टीत संध्याकाळी टाकी भरताना मी त्यांच्याबरोबर जायचे आणि वन, टू करत चौदापर्यंत मोजायचे. पप्पा म्हणायचे, "आमचा व्हॉल्व्ह इंग्लिश मीडियमचा हाय."

नोकरीला नऊ वर्षं झाली तरी ते अजून तात्पुरतेच आहेत. पण या शनिवारच्या मासिक सभेत त्यांना कायम करायचा विषय येणार होता. मम्मीनं तुळजापूरला जायचं कबूलसुद्धा करून ठेवलं होतं.

आणि झोपेच्या बाबतीत माझं म्हणाल तर मी झोपले की संपलं. मम्मी आधी हाक मारते, मग पंखा बंद करते, मग अंगावरची वाकळ ओढते. वाकळीबरोबर मीही ओढली जाते, पण उठत नाही.

तर सोमवारी संध्याकाळी मी शब्दांचे उच्चार पक्के करायला पप्पांचा फोन घेतला. त्यातली बाई 'टॉस अँड टर्न' इतकं गोड म्हणायची की मी तिच्याबरोबर पन्नासदा म्हणलं. मग करिश्माला ऐकवलं, शिवांजलीला ऐकवलं. 'यॉन'चा व्हिडिओ तर मी तीन वेळा बघितला, त्यात एक अस्वल होतं. फोन तापला, लाल काडी दाखवायला लागला, तसा मी तो गुपचूप पप्पांच्या उशाशी ठेवला आणि झोपले.

मंगळवारी साडेतीनला गजर वाजला नाही. फोनमध्ये जीवच नव्हता. मंगळवार आमच्याच गल्लीचा. पप्पा उठले साडेसातला, ते पण गल्लीतल्या बाया रिकाम्या घागरी घेऊन दारात आल्या म्हणून. आमच्या शेजारच्या हरणाबाई आज्जी सगळ्यात पुढं.

"रामकिसन, आरं काय झालं? पाचपासून नळापाशी बसलेव मी."

पप्पांनी हातातल्या बंद फोनकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मी वाकळीतून एक डोळा उघडून बघत होते.

"मोटार गरम झाल्ती, आज्जी," पप्पा म्हणाले. "नऊपर्यंत सोडतो."

आणि फोन चार्जिंगला लावून निघून गेले. मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर मी रडले असते आणि हिशेब तिथंच मिटला असता. पप्पांची ही सवय फार वाईट आहे.

बुधवारी पहिलं पान लिहायला बसले. यॉनला मम्मी मिळाली, स्नोरला हरणाबाई आज्जी, डोझला सर. ओव्हरस्लीपपाशी मात्र अडलं. या शब्दाला अख्ख्या तालुक्यात माझ्याइतकं योग्य उदाहरण नव्हतं. पण ही वही वर्गात वाचली जाणार. उत्तेजनार्थ मिळालेल्या मुलीनं स्वतःबद्दल असं लिहायचं का? आणि सरांनी तर खरं घडलेलं मागितलेलं. मग मी लिहिलं, 'द वॉटरमन ऑफ अवर व्हिलेज ओव्हरस्लेप्ट ऑन ट्यूजडे. देअर वॉज नो वॉटर टिल नाइन.' म्हणजे आमच्या गावचा पाणीवाला मंगळवारी झोपून राहिला, नऊपर्यंत पाणी नव्हतं. पप्पांचं नाव मुद्दाम घातलं नाही. मला वाटलं, ओळखू येणार नाही. गावात पाणीवाला एकच आहे हे त्या वेळी डोक्यात आलं नाही.

फोनचंही लिहिलं नाही. फोनसाठी फळ्यावर शब्दच नव्हता.

स्लीप इनसमोर काय लिहावं ते सुचेना. ती जागा मोकळी सोडली आणि वही घेऊन गल्लीत उतरले.

आमच्या गावात वही घेऊन फिरणारी बाई म्हणजे सर्व्हे. अंगणवाडीच्या ताई येतात, आशाताई येतात, निवडणुकीच्या आधी मास्तर येतात. सगळ्यांच्या हातात रकान्यांची वही असते आणि सगळे शेवटी सही मागतात. आणि सर्व्हे झाला की सहा महिन्यांनी कुणाला तरी काहीतरी मिळतं आणि ज्याचं नाव लिहायचं राहिलं तो वर्षभर शिव्या देत फिरतो. त्यामुळं माझी वही बघून हरणाबाई आज्जींनी मला आधी खाट झाडून बसायला दिलं.

"कशाचा हाय ह्यो?"

"झोपेचा. शाळेचा अभ्यास आहे, आज्जी."

"शाळेचं नाव सांगत्यात, म्हाईत हाय मला. लिव. हरणाबाई. झोप न्हाय."

"किती वाजता झोपता?"

"न्हायच झोपत. तीन वर्सं झाली, डोळ्याला डोळा लागला न्हाय."

मी त्यांच्याकडं बघितलं. रोज दुपारी ओट्यावर आज्जी घोरायला लागल्या की आमच्या शेळीचं रवंथ थांबतं. पहिल्या पानावर स्नोरचं वाक्य त्यांच्याच नावानं होतं. पण उलट बोलायची माझी हिंमत फक्त वर्गात चालते. मी लिहिलं, तीन वर्षं वाइड अवेक. आज्जींनी अंगठा दिला.

"उठवतं कोण?"

"झोपतच न्हाय तर उठवल कोण? पण पाण्याच्या दिशी नळ वाजला की अंगणात येतेव. लिव, पाणी."

दुपारपर्यंत गल्लीत बातमी पसरली की ज्याला झोप नाही त्याला गादी मिळणार आहे. ही गादी कुठून आली ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. पण त्यानंतर मला भेटलेल्या माणसांत झोपणारा एकही माणूस नव्हता. कालपर्यंत दहाला दिवा मालवणारी माणसं रात्ररात्र तळमळायला लागली. टॉस अँड टर्नच्या रकान्यात जागा पुरेना.

मग किराणावाले माणिकप्पा आडवे आले. त्यांचं दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशी. घरात बायकोशी कन्नड बोलतात, गिऱ्हाइकाशी मराठी आणि मापाशी काही बोलत नाहीत. शिवाय ते पंचायतीचे सदस्य आहेत, त्यामुळं त्यांना सगळ्या गोष्टींतली आतली बाजू माहीत असते.

"गादी-बिदी काय न्हाय," त्यांनी जाहीर केलं. "ह्यो उलटा सर्व्हे हाय. दुपारी कोण झोपतंय ते बघायलेत. जो झोपल त्याचं नाव रेशनमधून कमी."

"पण काका, हे माझ्या शाळेचं..."

"तुला म्हाईत नसतंय बाळ. तुला नुसतं लिवायला सांगितलंय." आणि मग आवाज खाली आणून, "माझं लिव, दुपारी ध्यान करतो."

"डोळे मिटून?"

"ध्यान उघड्या डोळ्यानं करत्यात व्हय?"

ध्यानाला माझ्याकडं रकाना नव्हता. मी ते डोझखाली लिहिलं आणि त्यांनी झोकात सही ठोकली. वर सल्ला दिला की नुसत्या सहीला अर्थ नसतो, प्रत्येकाच्या आधारची झेरॉक्स जोडून घे. गावातलं झेरॉक्स मशीन त्यांच्याच दुकानात आहे. संध्याकाळपर्यंत माझी शंभर पानांची वही फुगून विटेएवढी झाली. कुणी रेशनकार्ड जोडलं, कुणी लाइटबिल. एका काकूंनी नवऱ्याचा एक्सरे आणून दिला, त्यात कंबर दिसत होती. माणिकप्पांनी वहीच्या पुठ्ठ्यावरच आपलं आधार स्टेपल करून टाकलं, माझं नाव लिहिलेल्या चिठ्ठीवर.

गुरुवारी संध्याकाळी मोजलं तर सत्तेचाळीस सह्या. सरांनी अख्खी गल्ली म्हणलं होतं, मी गल्लीबाहेरच्यांनाही नाही म्हणू शकले नाही. मला वाटलं, संपलं.

पण आज्जींना झोप नव्हती ना. "ह्याच्यावर गोल शिक्का कुठंय?" त्यांनी विचारलं. "शिक्का न्हाय तर वही कशाची." मी म्हणलं, शाळेच्या वहीला शिक्का लागत नाही. त्यांनी माझ्याकडं अशा दयेनं बघितलं की मला माझ्या शिक्षणाची लाज वाटली.

शुक्रवारी मी पाणी प्यायला घरात गेले होते तेवढ्यात आज्जींनी ओट्यावरची वही उचलली आणि तडक पंचायत गाठली. शाळेची वेळ झाली तरी वही सापडेना. मी दप्तर उलटं केलं, शेळीवर संशय घेतला आणि तशीच शाळेत गेले. पुढचं सगळं मला नंतर तुकड्या-तुकड्यानं कळलं, ते सलग सांगते.

पंचायतीत त्या वेळी फक्त पप्पा होते. त्यांनी वही ओळखली. इंग्रजी त्यांना वाचता येत नाही, पण माझं अक्षर येतं. पहिल्या पानावरून त्यांनी हात फिरवला म्हणे. "आमच्या पोरीनं समद्या गावाचा सर्व्हे केला," ते आज्जींना म्हणाले. "ही मीटिंगमधी ठेवाया पायजे." आणि त्यांनी स्वतःच्या हातानं आवकच्या रजिस्टरला वही नोंदवली. आवक क्रमांक दोनशे चौदा. विषय, इंग्रजी. सह्या, सत्तेचाळीस. वर गोल शिक्का मारला, पहिल्याच पानावर, झोपलेल्या पाणीवाल्याच्या शेजारी. आणि ते व्हॉल्व्ह बंद करायला गेले.

त्यानंतर कुलदीप भाऊसाहेब आले. हे आमचे ग्रामसेवक. त्यांच्याकडं तीन गावं आहेत, त्यामुळं ते कायम दुसऱ्या गावात असतात, पण शुक्रवारी येतात. त्यांनी वही उघडली. पुठ्ठ्यावर सदस्य माणिकप्पांचं आधार. पहिल्या पानावर इंग्रजीत, गावचा वॉटरमन, ट्यूजडे, नो वॉटर. पुढं सत्तेचाळीस माणसांच्या सह्या, अंगठे आणि पुराव्याची कागदपत्रं, एका एक्सरेसकट. भाऊसाहेबांच्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही तेच म्हणला असता.

"गावानं निवेदन दिलंय," ते म्हणाले. "आणि इंग्रजीत म्हणजे वकिलाकडून."

त्यांनी लगेच नोटीस काढली. मंगळवारी पाणी का सोडलं नाही, याचा खुलासा शनिवारच्या सभेत करावा. खुलासा समाधानकारक नसल्यास कायम करण्याचा विषय रद्द समजावा. नोटीस बजावायची म्हणजे शिपायानं नेऊन द्यायची. शिपाई पप्पाच. मग पप्पांनी ती नोटीस टेबलाच्या अलीकडून घेतली, पलीकडं गेले आणि स्वतःला दिली. पोचपावतीवर दोन सह्या आहेत. बजावणाऱ्याची, रामकिसन. घेणाऱ्याची, रामकिसन. भाऊसाहेबांनी विचारलं, वही आणली कोणी? पप्पा म्हणाले, हरणाबाईनं. तेवढंच म्हणाले.

संध्याकाळी पप्पा घरी आले, हातपाय धुतले, जेवायला बसले. मम्मीनं भाकरी वाढली. पप्पांनी एक घास खाल्ला आणि विचारलं, "शिवा, तुझ्या वहीत पयल्या पानावर काय लिवलंय?"

वही कुठं गेली ते मला तेव्हा कळलं.

"शब्द आहेत, पप्पा. झोपेचे."

"माझं नाव हाय का त्यात?"

"नाही."

"मग ठीक हाय," ते म्हणाले आणि दुसरा घास घेतला. नोटीस त्यांनी देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवली होती. ती मी ते बाहेर गेल्यावर वाचली. मम्मीनं पण वाचली. तुळजापूरला न्यायची नवी साडी तिनं परत पेटीत ठेवली आणि मला काही म्हणाली नाही. आमच्या घरात बोलायचं काम माझ्या एकटीवर आहे, आणि त्या संध्याकाळी मला एकही शब्द येत नव्हता, मराठीसुद्धा.

शनिवारी आमच्या गल्लीचं पाणी होतं. पहाटे ठोक्याला चारला आलं, तेही असं जोरात की नळाला बांधलेली चिंधी उडून गेली. नोटीस मिळालेल्या माणसानं सोडलेलं पाणी होतं ते.

शनिवारी शाळा सकाळची. सुटल्यावर मी, करिश्मा आणि शिवांजली पंचायतीच्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिलो. आत सभा भरली होती. मध्ये सरपंच शिवप्रियाताई, बाजूला भाऊसाहेब, माणिकप्पा आणि बाकीचे सदस्य. दारात निम्मी गल्ली, कारण तक्रार आपणच केलीय असं त्यांना सकाळी कळलं होतं. आणि ज्यांच्याविरुद्ध सभा होती ते पप्पा सगळ्यांना चहा देत होते.

"रामकिसन, खुलासा," भाऊसाहेब म्हणाले.

पप्पांनी ट्रे खाली ठेवला. "मोटार गरम झाल्ती, साहेब."

"इथं वेगळं लिवलंय." भाऊसाहेबांनी वही पुढं ओढली. "ओव्हरस्लेप्ट. हा शब्द मी आतापर्यंत कुठल्या जीआरमध्ये बघितला न्हाय. म्हणजे कलम मोठंच असणार."

करिश्मानं मला कोपरानं ढोसलं. "जा की आता. सरांना विचारताना लई जीभ चालत होती."

या वेळी पैजेला खिडकी नव्हती. मी दारातल्या बायांमधून वाट काढत आत गेले. वक्तृत्वाला व्यासपीठावर जाताना कसं चालायचं ते मला शिकवलेलं आहे, पण त्यातलं काही आठवलं नाही, आणि चहाचा ट्रे माझ्या पायात आला.

"वही माझी आहे," मी म्हणाले.

"तू कोण?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"ह्यांची मुलगी."

भाऊसाहेबांनी पप्पांकडं बघितलं. पप्पा फुटलेल्या कपाचे तुकडे गोळा करत होते.

शिवप्रियाताईंनी वही माझ्या हातात दिली. "मग तूच वाच. आणि ह्या शब्दाचा अर्थ सांग."

खरं सांगते, एक क्षण मनात आलं. ओव्हर म्हणजे जास्त. ओव्हरस्लेप्ट म्हणजे जास्तीचं काम केलं, असं मी ठणकावून सांगितलं असतं तर त्या खोलीत मला अडवणारं कोण होतं? भाऊसाहेब तर टिपून घ्यायला पेन उघडून बसले होते. पप्पाही माझ्याकडं बघत होते, पण 'सांग' असं नाही आणि 'नको' असंही नाही. मंगळवारी वाकळीकडं बघितलं होतं, तसंच.

"म्हणजे झोपून राहिले," मी म्हणाले. "गजर झाला नाही म्हणून. आणि गजर झाला नाही, कारण फोन मी संपवला होता. आदल्या संध्याकाळी हेच शब्द पाठ करत होते. ते मी वहीत लिहिलं नाही. मोटार गरम झाली नव्हती. पप्पांनी माझ्यापायी सांगितलं तसं."

त्यावर पप्पा म्हणाले, "पोरीचं काय न्हाय त्यात. फोन चार्जिंगला लावायचं काम माझं होतं."

"आन् आमच्या सह्या?" दारातून हरणाबाई आज्जी. "आमी गादीसाठी केल्यात."

"गादी कसली?" भाऊसाहेब.

"आरं झोप न्हाय मला तीन वर्सं."

यानंतर पाच मिनिटं सगळे एकदम बोलत होते. गादीवाले एकीकडं, रेशनवाले एकीकडं, आणि माणिकप्पा कुणाच्याच बाजूला न जाता आपलं आधार पुठ्ठ्यावरून सोडवत होते. शिवप्रियाताईंनी तेवढ्यात मला पुढची पानं वाचायला सांगितली. मी मराठीत करून वाचत गेले. अमुक अमुक, दहाला झोपतात, चारला उठतात, कोण उठवतं, पाणी. तमुक तमुक, झोप नाही, कोण उठवतं, पाणी. पाणी. नळ. पाणी. हळूहळू बाकीचे गप्प झाले. सत्तेचाळीस माणसांत एक्केचाळीस जणांनी उठवणाऱ्याच्या रकान्यात तेच सांगितलं होतं. माझ्या हातानं मी ते एक्केचाळीस वेळा लिहिलं होतं आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"म्हणजे गावाला रामकिसन उठवतो," ताई म्हणाल्या. "आणि रामकिसनभाऊ, तुम्हाला कोण उठवतं?"

"फोन."

"सुट्टी कधी घेतली होती शेवटची?"

पप्पांनी विचार केला. "दोन वर्सांखाली मोटार जळली होती बघा, तवा चार दिस."

माणिकप्पांनी घसा साफ केला. "नऊ वर्सांत एक मंगळवार," ते म्हणाले. "माझं दुकान त्याच्यापेक्षा जास्त दिवस... ध्यानात असतंय."

भाऊसाहेबांनी ठराव लिहिला, तो त्यांच्याच शब्दांत देते. 'आवक क्र. २१४ अन्वये प्राप्त वही ही तक्रार नसून अभ्यास आहे, असे सर्वानुमते ठरले.' आणि खाली, पप्पांना कायम करण्याची शिफारस पुढं पाठवावी, हेही सर्वानुमते. पुढं म्हणजे तालुक्याला. तिथून आणखी पुढं. तो कागद वाटेत कुठं किती झोपतो ते बघायचं, पण निघाला तरी.

मी वही उचलली, तर भाऊसाहेबांनी वर हात ठेवला. "ही आता मिळणार न्हाय. आवक झालीय. दप्तरी लावावी लागंल."

"पण माझा प्रकल्प आहे. सोमवारी द्यायचाय."

"नक्कल मिळंल. अर्ज कर."

म्हणून सोमवारी मी सरांना वहीऐवजी ठरावाची नक्कल दाखवणार आहे. अभ्यास केला याचा एवढा पक्का पुरावा आमच्या शाळेत आजवर कुणी आणलेला नसेल. खिडकीची मुदतही सोमवारीच संपते. करिश्मा म्हणाली, राहू दे अजून आठवडाभर.

संध्याकाळी मम्मीनं साडी पेटीतून काढून परत दोरीवर टाकली. पप्पा ओट्यावर बसून फोन चार्जिंगला लावत होते, आणि लागला का नाही ते पुन्हा पुन्हा बघत होते. मी माणिकप्पांच्या दुकानातून नवी वही आणली होती, चाळीस पानी. पहिल्या पानावर एकच शब्द लिहिला, पंचायतीतल्या वहीत ज्याच्यापुढची जागा मोकळी राहिली तो. खाली एकच रकाना आखला. मग आत जाऊन त्यांचा पान्हा घेऊन आले, व्हॉल्व्हचा. तो माझ्या खांद्याएवढा आहे.

"पप्पा, उद्या रविवार. उद्याचं पाणी मी सोडणार."

"तुला जमंल व्हय?" पप्पा हसले.

"चौदा आटे. मोजता येतात मला, दोन भाषांत."

"आन् तुला कोण उठवणार?" मम्मीनं आतून विचारलं. "वाकळीसकट नेऊन टाकायची का व्हॉल्व्हवर?"

"हरणाबाई आज्जी उठवणारेत. आत्ताच सांगून आले. त्यांना तीन वर्षं झोप नाही, अंगठा आहे त्यांचा पंचायतीत, आता नाही म्हणता येत नाही त्यांना." मी पप्पांच्या हातातला फोन काढून घेतला, गजर बंद केला आणि तो मम्मीकडं दिला. "तर ठरलं. दर रविवारी पाणी मी सोडणार. आणि पप्पा, तुम्ही सातपर्यंत उठायचं नाही. बाहेर काहीही वाजलं, कुणीही हाक मारली, तरी नाही. मन भरेपर्यंत झोपायचं, आणि उठल्यावर या वहीत सही करायची. इंग्रजीतला शब्द आहे, मी सांगेन अर्थ."